घर न सोडलेला उंट

नातू बुद्धिबळाच्या स्पर्धेत हरून आला की आमच्या घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोलत नाही. गेल्या महिन्यात तो असाच आला. वय चौदा, पुढल्या वर्षी दहावी. लेकीने मला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात सांगितले की आता तुम्हीच त्याची समजूत काढा आणि तो पट माळ्यावर टाका. आजोबांचे तो ऐकतो, असा तिचा भाबडा समज आहे.

मी पडलो बँकेतला माणूस. आधी कागद तपासायचे, मग शेरा मारायचा. म्हणून हरलेला डाव टिपलेला कागद त्याच्याकडून मागून घेतला. चौथ्याच खेळीला साहेबांचा वजीर बाहेर पडला होता आणि पुढचा सगळा वेळ त्याला वाचवण्यात गेला होता. घोडे आणि उंट जागच्या जागी. माझी स्वतःची विद्या म्हणजे वाड्याच्या ओट्यावर शिकलेले देशी बुद्धिबळ. मी शिकवणार काय? शेवटी कपाटातले एक जुने पुस्तक काढले आणि आम्ही दोघे एका वीस वर्षांच्या मुलाचा डाव मांडून बसलो. मुलाचे नाव पॉल मॉर्फी. डाव १८५७ सालचा, न्यूयॉर्कमधला.

मॉर्फीचा जन्म २२ जून १८३७ चा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातला. वडील नामांकित वकील, पुढे लुइझियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. वडील आणि काका पटावर बसले की हा पोरगा शेजारी बसून बघायचा आणि नुसता बघून खेळ शिकला, असे सांगतात. १८५० मध्ये, तेरावे सरायच्या आत, त्याने लोवेन्थाल या हंगेरीच्या मातब्बर खेळाडूला हरवले. तरी घरच्यांच्या लेखी खेळ तो खेळच. मुलाने वकील व्हायचे, हे ठरलेले. वडील १८५६ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी मुलाने कायद्याची पदवी घेतली. पण वकिली करण्याइतके वय झाले नव्हते. हाताशी रिकामे महिने होते, म्हणून तो पहिल्या अमेरिकन चेस काँग्रेस या स्पर्धेला गेला.

अंतिम फेरीत समोर होता लुई पॉलसेन. जर्मनीहून येऊन आयोवात राहिलेला, एकेका खेळीला पुष्कळ वेळ घेणारा चिवट गडी. या डावात पांढरे मोहरे त्याच्याकडे होते. पाचव्या खेळीपर्यंत दोघांनीही कॅसलिंग करून आपापला राजा कोपऱ्यात सुरक्षित नेला. सहाव्या खेळीला पॉलसेनला मधले एक प्यादे मिळाले आणि त्याने ते उचलले. प्यादे घेण्यात तसा गुन्हा नव्हता. पण पुढच्या खेळ्या आम्ही बोटांवर मोजल्या. पॉलसेनचा एक घोडा तीन वेळा हलला आणि मारला गेला. एकच उंट चार वेळा हलला. दहाव्या खेळीला मॉर्फीने प्यादे वसूल केले होते आणि वेळेचे व्याज वर मिळवले होते. जादा व्याजाच्या आशेने मुद्दल घालवून आलेले ठेवीदार मी काउंटरपलीकडून पुष्कळ पाहिले आहेत. नातवाला हा दाखला पटला की नाही, ठाऊक नाही. पण तो हसला, हे काय थोडे झाले?

बाराव्या खेळीला मॉर्फीने आपला वजीर थेट पांढऱ्याच्या वजिरापुढच्या प्याद्यासमोर आणून ठेवला. कुणाला मारायला नव्हे, फक्त वाट अडवायला. ते प्यादे हलेना, म्हणून त्यामागच्या उंटाची मुख्य वाट बंद. सतराव्या खेळीशी आम्ही थांबून दोन्ही बाजू पाहिल्या. मॉर्फीचे दोन्ही हत्ती एकामागे एक मोकळ्या पट्टीवर, दोन्ही उंट बाहेर. घरी कुणी नाही. आणि मग त्याने वजीर देऊन उंट मारला! पांढऱ्या राजापुढची भिंत फुटली, हत्तीने शह दिला, मागून उंट आला. पॉलसेनला वजीर परत द्यावा लागला आणि अठ्ठाविसाव्या खेळीला डाव सोडावा लागला. मधे याहून लवकर जिंकायची वाट होती, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. पण नातवाची नजर खिळली ती पांढऱ्याच्या त्या अडकलेल्या उंटावर. डाव संपेपर्यंत त्याने घर सोडलेच नव्हते.

मॉर्फीने स्पर्धा जिंकली. १८५८ मध्ये तो युरोपला गेला. पॅरिसमध्ये पटाकडे न पाहता एकाच वेळी आठ जणांशी खेळला, आणि डिसेंबरात जर्मनीच्या आंडरसेनला सात विजय, दोन पराभव, दोन बरोबरी असे हरवले. १८५९ मध्ये परतला तेव्हा न्यूयॉर्कने त्याचे थाटात स्वागत केले. वय एकवीस. त्यानंतर तो कुठल्याही स्पर्धेत उतरला नाही.

बुद्धिबळ हा सभ्य माणसाचा धंदा नव्हे, अशी त्याची समजूत होती. त्याला वकील म्हणून नाव हवे होते. पण १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, पुढच्या वर्षी न्यू ऑर्लिन्स उत्तरेच्या फौजांनी घेतले. नंतर वकिली मांडली, तर लोक यायचे ते बुद्धिबळाच्या गप्पा मारायला, असे म्हणतात. पुढे मनात संशय शिरला. मेहुण्याने वारशात फसवले, कुणी विष घालील, अशा भीतीत दिवस गेले. १० जुलै १८८४ रोजी दुपारी फिरून आल्यावर तो न्हाणीघरात गेला आणि तिथेच त्याचा अंत झाला. सत्तेचाळीस वर्षांचे आयुष्य.

बुद्धिबळाने माणूस वेडा होतो, हे सांगायला ही कहाणी वापरतात. लेकीच्या मनातही तेच असावे. मला मात्र ती वाचताना माझी पेटी आठवली. दिवसा व्हाउचरवर सह्या करून रात्री लिहिलेली माझी पहिली कादंबरी त्या पेटीत पंधरा वर्षे पडून होती. साहित्यिक म्हटले की अधिकाऱ्याचा वचक जातो, असे मला वाटे. बँकेने मला भाकरी दिली, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण ती पेटी लपवायचे कारण नव्हते, हे उमगायला निवृत्ती यावी लागली. पटावर एकही मोहरा घरी न ठेवणाऱ्या मॉर्फीला आपल्या सर्वांत मोठ्या गुणाची लाज वाटावी, याचे मला त्याच्या आजारपणाहून अधिक वाईट वाटते.

लेकीला मी एवढेच सांगितले की मार्चपर्यंत पट फक्त रविवारी निघेल, पण माळ्यावर जाणार नाही. ती काही बोलली नाही. परवा रविवारी आम्ही तोच डाव पुन्हा मांडला, तेव्हा हात पुसत बाहेर आली, थोडा वेळ उभी राहिली आणि तो कोपऱ्याजवळचा पांढरा उंट का हलत नाही, असे तिने विचारले. नातवाने तिला खुर्ची ओढून दिली आणि डाव पहिल्या खेळीपासून सुरू केला.