परीक्षेचा कांटा आणि रामानुजन्

परीक्षेंत नापास झालेला मुलगा म्हणजे वायां गेलेला मुलगा, हा समज आपल्या समाजांत इतका दृढ झाला आहे कीं, तो तपासून पाहण्याची गरजही कोणास भासत नाहीं. असें मानणाऱ्या पालकांनीं श्रीनिवास रामानुजन् यांचें चरित्र अवश्य मनांत आणावें.

त्यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजीं इरोड येथें झाला. वडील कुंभकोणम् येथील एका कापडाच्या दुकानांत कारकून होते. १९०४ सालीं मुलगा शिष्यवृत्ति मिळवून कॉलेजांत गेला. परंतु गणितापुढें त्यास दुसरें कांहीं सुचेना. इंग्रजींत तो नापास झाला आणि शिष्यवृत्ति गेली. पुढें मद्रासेस राहून एफ. ए. च्या परीक्षेस बसला, तेथें १९०६ सालीं अपयश आलें व १९०७ सालीं पुन्हां तेंच. सर्व विषयांत उत्तीर्ण झाल्यावांचून वरचा वर्ग नाहीं, असा विद्यापीठाचा दंडक होता. एका विषयांतील अलौकिक गति दुसऱ्यांतील उणीव भरून काढूं शकत नसे. पुढील वर्षें दारिद्र्यांत गेलीं, आणि १९१२ सालीं मद्रास पोर्ट ट्रस्टमध्यें दरमहा ३० रुपयांची कारकुनी पत्करावी लागली.

१९१३ सालीं त्यांनीं केंब्रिजच्या हार्डी यांस पत्र धाडलें. हार्डी यांनीं गुणपत्रक न पाहतां पत्रांतील सूत्रेंच पारखलीं. मग मद्रास विद्यापीठानेंही आपला नियम बाजूस ठेवून दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ति दिली, हें त्याच्या श्रेयास नमूद केलें पाहिजे. १९१६ सालीं केंब्रिजनें त्यांस संशोधनावर पदवी दिली, लेखी परीक्षेवर नव्हे. १९१८ सालीं ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले.

म्हणून सारें शहाणपण विलायतेंतच आहे, असें कोणीं समजूं नये. ट्रायपॉस ही केंब्रिजची स्वतःची गणित-परीक्षा पाठांतर व वेग यांसाठींच प्रसिद्ध होती. आपले रघुनाथराव परांजपे १८९९ सालीं तींत प्रथम स्थानाचे मानकरी ठरले, तेव्हां महाराष्ट्र हर्षभरित झाला होता. त्या परीक्षेचे दोष हार्डी यांनींच आयुष्यभर चव्हाट्यावर मांडले, आणि १९०९ नंतर तिची गुणानुक्रमाची यादी बंद झाली. भेद एवढाच कीं, तेथें परीक्षेशेजारीं संशोधनाचें दुसरें दार उघडें होतें. आमचीं मुंबई, मद्रास व कलकत्ता हीं विद्यापीठें १८५७ सालीं लंडनच्या नमुन्यावर निघालीं. परीक्षेचा सांचा आम्हीं उचलला, पण तें दार उशिरां उघडलें.

२६ एप्रिल १९२० रोजीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, रामानुजन् निवर्तले. त्या अकालमृत्यूपेक्षां तारुण्यांतील वायां गेलेल्या वर्षांचीच हळहळ हार्डी यांस अधिक वाटली. धान्याच्या तराजूवर मोत्यें जोखूं नयेत, हें आपल्या व्यापाऱ्यांस शिकवावें लागत नाहीं. परीक्षा असावीच, परंतु विद्यार्थ्यास काय येत नाहीं हें विचारणाऱ्या शाळेनें त्यास काय येतें हेंही विचारावें. प्रत्येक नापास मुलास हार्डी भेटत नाहीं.