युरी गागारिन आणि पायलटचं ‘मोकळं’ आकाश

लढाऊ जेट डोक्यावरून गडगडत गेलं की आपण मान वर करून बघतो आणि मनात येतं, काय मजा असेल या पायलटची! हवं तिकडे वळायचं, हवं तेवढं वर जायचं. पण नेहमीच्या सराव उड्डाणात तसं काहीच नसतं. कोणत्या झोनमध्ये जायचं, किती उंचीच्या वर किंवा खाली राहायचं, कोणत्या कसरती करायच्या आणि त्याला किती मिनिटं लागतील, हे सगळं जमिनीवरच ठरतं. झोन म्हणजे आकाशातला एक आखलेला चौकोनच समजा. पायलटला जे काही करायचं ते त्या चौकोनात.

हे समजून घ्यायला युरी गागारिनसारखं उदाहरण नाही. तो अंतराळात गेलेला पहिला माणूस, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण तो मुळात लष्करी जेट पायलट होता, आणि त्याचा शेवटही अशाच एका साध्या सराव उड्डाणात झाला.

९ मार्च १९३४ ला रशियातल्या क्लुशिनो या खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील सुतार. महायुद्धात जर्मन सैन्याने घर बळकावलं, तेव्हा सगळं कुटुंब मातीच्या खोपटात राहिलं. पुढे युरी ओतकाम शिकला, सारातोव्हच्या फ्लाइंग क्लबमध्ये विमान उडवू लागला आणि मग ओरेनबर्गच्या लष्करी विमानशाळेत दाखल झाला. तिथे एक गंमतच झाली. गडी जेमतेम १५७ सेंटिमीटर उंच, त्यामुळे लँडिंगच्या वेळी त्याला धावपट्टीचा अंदाज येईना. शाळेतून काढून टाकायची वेळ आली होती म्हणतात. शेवटी बुडाखाली उशी घेतली आणि काम झालं!

१९५७ नंतर तो नॉर्वेच्या सीमेजवळ लुओस्तारीच्या तळावर मिग-१५ उडवत होता. १९६० मध्ये अंतराळवीरांच्या पहिल्या २० जणांच्या तुकडीत त्याची निवड झाली.

आता १२ एप्रिल १९६१ चं बघा. १०८ मिनिटांचं ते व्होस्तोक उड्डाण जवळजवळ पूर्णपणे स्वयंचलित होतं. पायलट आत बसलेला, पण हाताने चालवायची यंत्रणा कुलूपबंद! वजनरहित अवस्थेत माणसाचं डोकं फिरलं तर, अशी भीती होती. म्हणून कुलूप उघडायचा तीन अंकी कोड एका बंद पाकिटात ठेवला होता. तो शुद्धीवर असेल तर पाकीट फोडेल, कोड वाचेल आणि आकडे दाबेल, असा हिशेब. कोड होता १२५. मजा म्हणजे उड्डाणाआधीच त्याच्या माणसांनी तो गुपचूप त्याला सांगून टाकला होता. कोड वापरायची वेळ आलीच नाही.

त्यानंतर तो जगभर फिरला. १९६१ च्या अखेरीस भारतातही आला, मुंबईलाही येऊन गेला. पण या सगळ्यात विमान उडवणं मागे पडलं. एप्रिल १९६७ मध्ये सोयुझ-१ कोसळून कोमारोव्ह गेला. त्या मोहिमेचा राखीव अंतराळवीर गागारिनच होता. मग सरकारने त्याला पुन्हा अंतराळात पाठवायचं नाही असंच ठरवलं. निदान विमान तरी एकट्याने उडवू द्या, हा त्याचा हट्ट होता. मला विचाराल तर त्याचं बरोबरच होतं. अंतराळवीरांना शिकवणाऱ्या केंद्राचा उपप्रमुख स्वतः उडत नसेल तर त्याचं ऐकेल कोण?

म्हणून मार्च १९६८ मध्ये दोन आसनांच्या मिग-१५ मध्ये त्याचा पुन्हा सराव सुरू झाला. १३ ते २२ मार्च या काळात १८ उड्डाणं, एकूण सुमारे सात तास. २७ मार्चला फक्त एक तपासणी उड्डाण बाकी होतं. ते पार पडलं की त्याच दिवशी एकट्याने मिग-१७ न्यायचं होतं. मागच्या सीटवर रेजिमेंटचा कमांडर सेर्योगिन, महायुद्ध गाजवलेला पायलट. सकाळी सव्वादहाच्या सुमारास चकालोव्स्की तळावरून विमान उडालं. वर आणि खाली ढगांचे दोन थर, मधे मोकळी जागा, तिथेच कसरती करायच्या होत्या. विमानाला जादा इंधनाच्या टाक्या लावलेल्या, त्यामुळे फार जोरात वळायलाही मर्यादा.

झोनमधलं काम साधारण २० मिनिटांचं होतं. पण काही मिनिटांतच गागारिनने रेडिओवर शांतपणे कळवलं की काम झालंय, आणि ३२० अंशांच्या दिशेने परत वळायची परवानगी मागितली. हे मात्र पायलटच्या हातात असतं बरं का. ठरल्यापेक्षा जास्त करता येत नाही, पण कमी करून घरी परतता येतं. परवानगी मिळाली. त्यानंतर जेमतेम मिनिटाभरात विमान नोव्होस्योलोवो गावाजवळच्या जंगलात कोसळलं. दोघंही गेले. गागारिन ३४ वर्षांचा होता.

झालं काय? २०११ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांत असं म्हटलंय की हवामानाचा फुगा किंवा ढगाचा थर टाळायला विमान झटक्यात वळवलं असावं आणि ते ताब्याबाहेर गेलं असावं. त्याचा मित्र अलेक्सेई लिओनोव्ह त्या दिवशी जवळच होता, त्याने दोन धमाके ऐकले होते. तो सांगायचा की दहा किलोमीटरच्या वर राहायला सांगितलेलं एक सुखोई-१५ आपली उंची सोडून ढगांखाली उतरलं आणि गागारिनच्या अगदी जवळून गेलं. अशा जेटच्या मागे हवेचे जबर भोवरे उठतात, हलकं विमान त्यात सापडलं तर गिरक्या घेत खाली येतं. त्यात उंची मोजणारं रडार त्या दिवशी नीट चालत नव्हतं. म्हणजे कोण कुठल्या मजल्यावर आहे हे कळायला जमिनीवरच्या माणसांकडे पायलटचा शब्द सोडून फारसं काही नव्हतं.

लिओनोव्हने हे २०१३ मध्ये उघडपणे सांगितलं. त्या सुखोईच्या पायलटचं नाव मात्र त्याने शेवटपर्यंत जाहीर केलं नाही.