स्ट्रटचे जनक : अर्ल मॅकफर्सन

मॅकफर्सन हे एका माणसाचे नाव आहे, हे मोटारीचे काम करणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांच्या लेखी तो पुढच्या चाकाजवळचा एक भाग असतो, उभ्या नळीसारखा, भोवती स्प्रिंग असलेला. कलाशाखेच्या अंकात यंत्रज्ञाचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. परंतु सेनापतींची आणि कवींची चरित्रे आपण वाचतोच. ज्यांच्या कल्पनेवर आजच्या बहुतेक लहान मोटारी टेकलेल्या आहेत, त्या गृहस्थांनाही दोन पाने द्यायला हरकत नसावी.

अर्ल मॅकफर्सन यांचा जन्म १८९१ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, शिकागोजवळच्या हायलंड पार्क येथे झाला. १९१५ साली इलिनॉय विद्यापीठातून पदवी घेऊन ते मोटारधंद्याचे माहेरघर असलेल्या डेट्रॉइटला गेले. पहिल्या महायुद्धात त्यांनी युरोपात विमानांच्या इंजिनांचे काम केले. पुढे लिबर्टी आणि हपमोबाइल या कंपन्यांत उमेदवारी केल्यावर १९३४ साली ते जनरल मोटर्समध्ये दाखल झाले. इथपर्यंतचे त्यांचे आयुष्य कोणत्याही हुशार इंजिनियरचे असावे तसेच आहे.

खरी कथा १९४५ साली सुरू होते. युद्धानंतर लोकांना स्वस्त गाडी द्यावी, या हेतूने शेव्हरोले विभागाने लहान मोटारीची एक योजना आखली आणि तिचे मुख्य इंजिनियर म्हणून मॅकफर्सन यांची नेमणूक केली. गाडीचे नाव कॅडेट. किंमत एक हजार डॉलरच्या आत ठेवायची होती. वजन कमी, भाग कमी, आणि तरीही चारही चाके खड्ड्यावरून स्वतंत्रपणे वरखाली व्हावीत, असा मॅकफर्सन यांचा आग्रह होता. त्या काळी पुढच्या चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन त्रिकोणी आर्म, शिवाय स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर असा बराच पसारा लागे. मॅकफर्सन यांनी वरचा आर्मच काढून टाकला. शॉक ॲब्सॉर्बरची नळी जाड व भक्कम करून तिलाच चाक धरून ठेवण्याचे काम दिले, तिच्यावर स्प्रिंग बसवली आणि वरचे टोक सरळ गाडीच्या सांगाड्याला जोडले. खाली एक आर्म पुरेसा झाला. एकाच वस्तूने धक्का शोषायचा, वजन पेलायचे आणि स्टिअरिंगबरोबर वळायचेही! फियाटच्या ग्विदो फोर्नाका यांनी १९२०च्या दशकात अशाच कल्पनेचा आराखडा केला होता, हे येथे सांगितले पाहिजे. तथापि कारखान्यात हजारोंनी निघेल असे रूप तिला मॅकफर्सन यांनी दिले.

कॅडेट मात्र रस्त्यावर आलीच नाही. अमेरिकन गिऱ्हाइकाला मोठीच गाडी हवी, असा हिशेब मांडून कंपनीने मे १९४७ मध्ये योजना गुंडाळली. मॅकफर्सन त्याच वर्षी प्रतिस्पर्धी फोर्ड कंपनीत गेले. मला हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत धाडसाचा क्षण वाटतो. पन्नाशी उलटल्यावर, मोडलेले स्वप्न बरोबर घेऊन नवे दार ठोठावणे सोपे नसते.

फोर्डमध्ये त्यांची कल्पना प्रथम रुजली ती अमेरिकेत नव्हे, तर युरोपात. फ्रान्समधील व्हेडेट आणि पाठोपाठ १९५० साली इंग्लंडमध्ये दाखविलेल्या कॉन्सल व झेफर या गाड्यांना हे स्ट्रट बसले. पेटंटे १९५३ साली मंजूर झाली. त्यांपैकी एक जनरल मोटर्सच्या नावे आणि दुसरे फोर्डच्या नावे, हा योगही गमतीचाच! १९५२ साली ते फोर्डचे उपाध्यक्ष झाले, १९५८ साली निवृत्त झाले आणि १९६० साली निधन पावले. अमेरिकेतील मोठ्या गाड्या त्यांच्या हयातीत या स्ट्रटकडे वळल्या नाहीत.

आपल्याकडे अॅम्बॅसडर आणि कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी यांना हे स्ट्रट नव्हते. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० बरोबर ते घरोघर पोचले. पुढे १९९८ साली आलेल्या पिंपरीच्या टाटा इंडिकालाही पुढे तेच होते.

एका भागावर तीन कामे सोपविल्याचा परिणाम दुरुस्तीत दिसतो. जुन्या पद्धतीत शॉक ॲब्सॉर्बर थकला तर गाडी नुसती डुलायची. येथे स्ट्रट थकला की चाकाचा आधारच ढिला होतो. नळीवर तेल पाझरलेले दिसते, बॉनेट दाबून सोडले तर गाडी हलतच राहते, खड्ड्यात खट् असा आवाज येतो, टायर जागोजागी झिजतात. अशा वेळी दोन्ही बाजूंचे स्ट्रट एकदम बदलतात, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढते. त्याबरोबर वरचे रबर माउंटिंग, बेअरिंग आणि बंप रबरही नवे घालतात, आणि लोअर आर्मचे बुश व बॉल जॉइंट तपासतात. स्प्रिंग कॉम्प्रेसरने आवळल्याखेरीज वरचा मधला नट सोडणे जिवावर बेतू शकते, कारण दाबलेली स्प्रिंग गोळीसारखी सुटते. नवे स्ट्रट बसले की चाकांचा कोन बदललेला असतो. म्हणून अलाइनमेंट करून घेतल्यावरच गाडी मालकाच्या हाती देतात.