र. धों. कर्वे : एकाकी लढ्याची सत्तावीस वर्षे

मूल केव्हा व्हावे आणि किती व्हावीत, हे ठरविण्याचा अधिकार स्त्रीचा आहे, या एका विचारासाठी रघुनाथ धोंडो कर्वे यांनी प्रतिष्ठा, नोकरी आणि स्वास्थ्य पणाला लावले. १४ जानेवारी १८८२ रोजी जन्मलेले रघुनाथराव हे महर्षी कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, मातोश्री राधाबाई यांचे बाळंतपणात निधन झाले.

१८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत देशातील पहिले संततिनियमन केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले होते. महाविद्यालयाच्या चालकांना हे कार्य रुचले नाही आणि रघुनाथरावांना प्राध्यापकपद सोडावे लागले.

साधन बाजारात मिळणे वेगळे आणि स्त्रीला ते निवडता येणे वेगळे. पतीची संमती, वडीलधाऱ्यांचा धाक, लोकलज्जा आणि अज्ञान हे अडसर दूर व्हावेत, यासाठी जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. तरीही २०० रुपये दंड झालाच. पत्नी मालतीबाईंनी नोकरी करून संसाराला हातभार लावला. अपत्य नको, हा निर्णय उभयतांचा होता. मात्र शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, रघुनाथरावांचे निधन झाले. त्यांच्यामागोमाग 'समाजस्वास्थ्य'ही बंद पडले.

आज तांबीसारखे दीर्घकाळ चालणारे आणि हवे तेव्हा काढता येणारे साधन सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विवाहित स्त्रियांपैकी केवळ २.१ टक्के तांबी वापरतात, तर ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण जेमतेम ०.३ टक्के आहे. साधने वाढली, भार मात्र अद्याप स्त्रीवरच आहे. रघुनाथरावांनी स्वतःच्या घरात घालून दिलेला धडा समाजाने अजून गिरवायचाच आहे.