मेडोज टेलर : भीमेच्या खोऱ्यातील एक जिज्ञासू

आपल्या सांगोल्यावरून वाहणारी माण नदी (वाहते तेव्हा!) पुढे भीमेला मिळते, आणि भीमा सोलापूर जिल्हा ओलांडून कर्नाटकात शिरते. अफझलपूर, फिरोजाबाद मागे टाकले की गुलबर्गा जिल्ह्यात जेवरगी हे गाव लागते. या गावाच्या परिसरात दगडांची मोठमोठी वर्तुळे आहेत. ती कोणत्या राजाची नाहीत, देवाची नाहीत. ती थडगी आहेत, आणि ज्यांची आहेत त्यांना लिहिता-वाचता येत होते याचा कसलाही पुरावा नाही. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाने ती शास्त्रशुद्ध रीतीने उकरून पाहिली. त्याचे नाव कर्नल फिलिप मेडोज टेलर. ठगांवरील कादंबरीचा लेखक म्हणून हे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. परंतु हा माणूस आपल्या शेजारच्या नळदुर्ग-तुळजापूर भागात राहिला, वावरला आणि अधिकारी होता, हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल, याची मला शंका वाटते.

टेलर यांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वडील व्यापारी. धंद्याला उतरती कळा लागली आणि मुलाचे शिक्षण अर्धवट राहिले. पंधराव्या वर्षी, म्हणजे आपल्याकडे मुलगा दहावीत असतो त्या वयात, त्याला मुंबईतील एका व्यापाऱ्याच्या पेढीवर नोकरीसाठी पाठविण्यात आले. १८२४ साली तो मुंबईस उतरला तो पेढीच बुडीत निघालेली! परक्या देशात, खिशात पैसा नाही, हातात पदवी नाही. एका नातेवाइकाच्या ओळखीने निजामाच्या फौजेत अधिकाऱ्याची जागा मिळाली आणि औरंगाबादकडे रवानगी झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. टेलर कंपनी सरकारचे सनदी अधिकारी कधीच नव्हते. निजामाच्या चाकरीतील गोऱ्या माणसाला कंपनीच्या बड्या साहेबांच्या पंक्तीत मान नसे. विद्यापीठाची पायरी न चढलेला हा तरुण मग एकट्यानेच शिकत गेला. हिंदुस्थानी, फारसी, मराठी या भाषा, जमीनमोजणी, कायदा, भूगर्भशास्त्र, चित्रकला, एकही विषय त्याने सोडला नाही. ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट नसते त्यांना ही भूक वेगळी समजावून सांगावी लागत नाही. माझ्या घरात महाविद्यालयात येणारी मी पहिलीच, म्हणून मला या भागाचे विशेष अप्रूप वाटले, हे कबूल करते.

विशीच्या आतबाहेरच निजामाच्या नैर्ऋत्येकडील मुलखात पोलीस अधिकारी म्हणून टेलर यांची नेमणूक झाली. रस्त्यांच्या कडेला पुरलेली प्रेते सापडत, पण मारेकरी सापडत नसत. त्यांनी तपास सुरू केला, तोच त्यांना तेथून हलविण्यात आले. पुढे स्लीमन यांनी ठगांच्या टोळ्यांचा उलगडा केला, तेव्हा टेलर यांच्या लक्षात आले की आपण ज्या मुलखात फिरत होतो त्याच मुलखात हे सारे चालले होते. ही रुखरुख त्यांना आयुष्यभर राहिली. माफीच्या साक्षीदारांचे जबाब त्यांनी स्वतः ऐकले होते. त्यातूनच १८३९ साली अमीर अलीची ती गाजलेली कादंबरी निघाली. इंग्लंडात ती खूप वाचली गेली.

त्यांचा विवाह मेरी पामर हिच्याशी झाला. ती हैदराबादचे प्रसिद्ध सावकार विल्यम पामर यांची कन्या, आणि या पामर यांची आई हिंदुस्थानी होती. मेरी १८४४ साली वारली. टेलर यांनी पुन्हा लग्न केले नाही.

आता सुरपूरकडे वळू. इंग्रज त्याला शोरापूर म्हणत. हे बेरड नायकांचे छोटेसे संस्थान भीमा आणि कृष्णा यांच्या दरम्यान वसलेले. राजा मरण पावला, वारस लहान, राणी ईश्वरम्मा करारी, तिजोरी रिकामी आणि हत्यारबंद बेरड हट्टाला पेटलेले. अशा ठिकाणी १८४०-५० च्या दशकात टेलर यांनी कारभार पाहिला. फौजेच्या जोरावर नव्हे, तर बोलून, समजावून, वेळप्रसंगी एकटेच सामोरे जाऊन. तलाव, रस्ते, साऱ्याची व्यवस्था ही कामे तर झालीच. टेकडीवरचा त्यांचा बंगला आजही टेलर मंझिल म्हणून दाखविला जातो.

याच मुक्कामात त्यांना ती थडगी दिसली. जेवरगीची वर्तुळे, हगरटगीची, आणि सर्वांत विलक्षण म्हणजे राजनकोळूर येथील. उघड्या माळावर प्रचंड शिळा उभ्या करून वर तशीच शिळा छताप्रमाणे ठेवलेली, दगडांचे जणू घरच. अशी घरे एक-दोन नव्हेत, तर त्यांची वस्तीच. गावकरी त्यांना मोऱ्यांची घरे म्हणत आणि ती बुटक्या माणसांनी बांधली असे सांगत. काही घरे एका बाजूने उघडी होती, तर काही चारही बाजूंनी बंद असून एका शिळेला वाटोळे भोक होते. उघड्यांत काही मिळाले नाही. बंद घरांत राख, हाडे, कोळसा आणि मडक्यांचे तुकडे मिळाले. केरळात जांभ्या दगडाच्या टेकड्यांत अशा थडग्यांच्या खोल्या चक्क खडकात कोरलेल्या आहेत. आपल्या दख्खनच्या कठीण दगडात ते कोरणे सोपे नसावे, म्हणून येथे शिळा उभारल्या गेल्या असाव्यात असे मला वाटते.

त्या काळी असली थडगी उकरणारे पुष्कळ होते, पण बहुतेकांचे लक्ष आत काय मोलाचे सापडते इकडेच असे. टेलर यांनी वेगळे केले. जेवरगीचे वर्तुळ खणताना त्यांनी थर पाहिले. वर कोणते दगड, त्याखाली कोणती माती, सांगाडा किती खोल आणि मडकी कोठे, हे मोजून त्याचा उभा छेद कागदावर काढला. घरी विहीर खणताना आधी काळी माती, मग मुरूम, मग खडक लागतो हे आपण सारेच पाहतो, पण ते कागदावर कोण काढतो? शंभर वर्षांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्यासारख्या कडक पुरातत्त्वज्ञाने या छेदांची वाखाणणी केली. आमच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात व्हीलर आहेत, टेलर नाहीत.

थडग्यांत लोखंडी भाले, बाणांची टोके आणि काळी-तांबडी भांडी मिळाली. काही सांगाड्यांची डोकी धडापासून वेगळी होती. टेलर यांनी हा नरबळीचा प्रकार मानला. आयर्लंड-इंग्लंडकडील प्राचीन स्मारकांशी या दगडांचे साम्य त्यांना इतके जाणवले, की शक किंवा केल्ट लोकांची एखादी शाखा दख्खनेत आली असावी असा तर्क त्यांनी बांधला. हा तर्क टिकला नाही. ही स्मारके दक्षिण भारतातील लोहयुगाची, म्हणजे ढोबळमानाने इसवी सनापूर्वीच्या हजार-बाराशे वर्षांतील आहेत, असे आज मानतात. मृताची हाडे नंतर गोळा करून पुरण्याची चालही अशा अनेक ठिकाणी आढळली आहे. त्यामुळे सुटे डोके दिसले की बळीच दिला असे म्हणता येत नाही. आपल्या महाराष्ट्रात विदर्भात याच संस्कृतीची वर्तुळे आहेत. नागपूरजवळच्या जुनापाणी येथे ती सुमारे तीनशे आहेत. माहुरझरी येथे डॉ. शां. भा. देव यांच्या उत्खननात माणसाबरोबर पुरलेले घोडेही मिळाले. तर्क चुकला तरी टेलर यांनी काढलेले छेद चुकले नाहीत, म्हणूनच त्यांचे लेखन आजही उपयोगी पडते.

१८५३ साली तरुण राजा वेंकटप्पा नायक याच्या हाती राज्य सोपवून टेलर नळदुर्गला आले. निजामाने कंपनीला तोडून दिलेल्या मुलखांपैकी हा एक जिल्हा होता. ते तेथे १८५७ पर्यंत होते. बोरी नदीवरचा तो किल्ला, पाणीमहाल आणि जवळचे तुळजापूर हे सारे त्यांच्या मनात घर करून राहिले. १८६३ मध्ये त्यांनी 'तारा' ही कादंबरी लिहिली. तिची नायिका तुळजापूरची ब्राह्मण बालविधवा, आणि काळ अफझलखानाच्या स्वारीचा. आपल्या भवानीच्या देवळावर इंग्रजीत कादंबरी लिहिली गेली हे वाचून मला नवल वाटले, आणि ती आपल्या डोळ्यांनी लिहिली गेली नाही याचे थोडे वाईटही वाटले.

१८५७ च्या उठावात त्यांना वऱ्हाडात बुलढाण्यास पाठविण्यात आले. हाताशी फौज नसताना त्यांनी तो मुलूख शांत ठेवला. पण सुरपूरचे काय? ज्याला त्यांनी सात-आठ वर्षांचा असल्यापासून वाढविले, जो त्यांना आप्पा म्हणे, तो वेंकटप्पा १८५८ च्या आरंभी इंग्रजांविरुद्ध उठला. लढाई झाली, तो हैदराबादेस पळाला आणि पकडला गेला. तुरुंगात दोघांची भेट झाली. फाशीची शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली, त्यात टेलर यांच्या रदबदलीचाही वाटा होता. कैदेच्या ठिकाणी नेत असताना वाटेतच राजाने पहाऱ्यावरील अधिकाऱ्याचे पिस्तूल घेऊन स्वतःवर झाडून घेतले. चोविसाव्या वर्षी मृत्यू, असे त्याच्या पत्रिकेत होते व ते आपल्याला आधीच सांगण्यात आले होते, असे टेलर यांनी आत्मचरित्रात नोंदविले आहे.

टेलर रयतेचे भले करणारे होते हे खरे. पण ज्या सत्तेसाठी त्यांनी ते केले, तिच्याविरुद्ध त्यांचाच मुलगा म्हणावा असा तरुण उभा राहिला, हेही तितकेच खरे. पत्रिकेकडे बोट दाखविल्याने हा प्रश्न सुटत नाही. वेंकटप्पाच्या हाती राज्य आले तेव्हा तो जवळजवळ आमच्याच वयाचा होता. त्याने स्वतः लिहिलेले काही आपल्यापुढे नाही. आहे ते टेलर यांचेच.

१८६० साली प्रकृती ढासळल्याने ते मायदेशी परतले. डब्लिनजवळ राहून त्यांनी कादंबऱ्या, हिंदुस्थानचा इतिहास आणि दख्खनच्या थडग्यांवरील मोठा निबंध लिहिला. हा निबंध त्यांनी १८६२ मध्ये आयरिश अकादमीपुढे मांडला. अखेरीस दृष्टी गेली. तरीही सालारजंगांच्या निमंत्रणावरून १८७५ मध्ये ते पुन्हा हैदराबादेस आले. परतताना १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधील मेंतों येथे त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी कन्या अ‍ॅलिस हिने त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. थडग्यांवरील त्यांचे निबंध मात्र विखुरलेलेच राहिले. ते १९४१ साली निजामाच्या हैदराबाद राज्यातील पुराणवस्तू खात्याने एकत्र छापले.