इल्फर्डच्या मैदानातून कोहिमाच्या रुग्णालयात : डॉ. तालिमेरेन आओ

हेब्बाळ (बेंगळुरू), २८ जानेवारी : बेंगळुरूच्या जुन्या फुटबॉलचा विषय निघाला की तो हटकून ३१ जुलै १९४८ या दिवसापाशी येतो. त्या दिवशी लंडनलगतच्या इल्फर्ड येथे भारतीय संघ ऑलिंपिकमधील आपला पहिला फुटबॉल सामना खेळला आणि भारताचा एकमेव गोल बेंगळुरूच्या सारंगपाणी रामन यांनी केला. अहमद खान, धनराज आणि वज्रवेलू हे त्या संघातील खेळाडूही याच भागातले. हेब्बाळ तेव्हा शहराबाहेरचे, तलावाकाठचे गाव होते. फुटबॉल रुजला होता तो छावणी भागात, ऑस्टिन टाऊन आणि गौतमपुऱ्याच्या गल्ल्यांत. साहजिकच येथे त्या सामन्याची आठवण निघते ती रामन यांच्या गोलामुळे. मैदानाच्या मधोमध उभे राहून तो संघ सांभाळणाऱ्या कर्णधाराचे नाव त्या मानाने कमी घेतले जाते. डॉ. तालिमेरेन आओ यांची आज जयंती.

आओ यांचा जन्म २८ जानेवारी १९१८ रोजी नागा टेकड्यांमधील चांगकी या गावी झाला. हा प्रदेश तेव्हा आसामचा एक जिल्हा होता. आज चांगकी नागालँडच्या मोकोकचुंग जिल्ह्यात आहे. वडील रेव्हरंड सुबोंगवाती निंगदारी हे धर्मोपदेशक होते आणि बारा भावंडांत तालिमेरेन चौथे. पुढे हे कुटुंब इंपूर येथील अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनच्या परिसरात राहायला आले. तेथील शाळेच्या अंगणात त्यांच्या पायांना चेंडूची ओळख झाली. १९३५ मध्ये विषमज्वराने वडिलांचा मृत्यू झाला. मुलाने वैद्यकीय शिक्षण घ्यावे आणि आपल्या माणसांची सेवा करावी, अशी त्यांची इच्छा होती. ज्या आजाराने वडील गेले, त्यावर तेव्हा हमखास औषधच नव्हते आणि टेकड्यांतील बहुतेक गावांना डॉक्टरचे दर्शनही दुर्लभ होते. सतरा वर्षांच्या मुलाने ही इच्छा किती गांभीर्याने घेतली, हे त्याच्या पुढच्या प्रत्येक निर्णयातून दिसते.

जोरहाटमधील शाळेनंतर ते गुवाहाटीच्या कॉटन महाविद्यालयात दाखल झाले. महाविद्यालयाच्या मैदानावर आणि महाराणा क्लबकडून खेळताना त्यांचा खेळ लोकांच्या नजरेत भरला. सुरुवातीला ते आघाडीला खेळत. याच क्लबमधील त्यांचे मित्र शरत दास हेही पुढे मोहन बागानकडून खेळले. १९४२ मध्ये आओ यांना कोलकात्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. त्यासाठीच ते कोलकात्यात आले. फुटबॉल त्यांच्या मागोमाग आला. दुसऱ्याच वर्षी मोहन बागानने त्यांना संघात घेतले.

येथे ते मधल्या फळीत आले. त्या काळचे संघ मागे दोन, मध्ये तीन आणि पुढे पाच अशा रचनेने खेळत. मधल्या तिघांना हाफबॅक म्हणत. आजच्या भाषेत मिडफिल्डर. प्रतिस्पर्ध्याची चाल मोडायची, हिसकावलेला चेंडू आपल्या आघाडीकडे वाहून न्यायचा आणि आक्रमण फसले की पुन्हा बचावासाठी मागे धावायचे, असे हे दुहेरी काम. गोलांच्या यादीत या खेळाडूचे नाव क्वचितच येते. उंचापुरा बांधा, दम आणि हवेतून येणारा चेंडू डोक्याने अडवण्याची हातोटी यांमुळे ही जागा आओ यांना शोभून दिसली.

मोहन बागानने १९४३ आणि १९४४ अशी सलग दोन वर्षे कलकत्ता लीग जिंकली. क्रीडापानांवरील या विजयांच्या भोवतीचे जग मात्र कोसळत होते. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात भुकेलेली माणसे कोलकात्याच्या पदपथांवर मरून पडत होती. एप्रिल ते जून १९४४ मध्ये जपानी फौजा कोहिमापर्यंत येऊन धडकल्या आणि आओ यांच्या नागा टेकड्याच रणभूमी झाल्या. ऑगस्ट १९४६ मध्ये शहरात दंगली उसळल्या. त्या वर्षी आयएफए शील्ड स्पर्धा झालीच नाही. दिवसा रुग्णालय आणि संध्याकाळी मैदान असे जगणाऱ्या विद्यार्थ्यासमोर हे सारे घडत होते. शिक्षण लांबले, यात आश्चर्य नाही. आश्चर्य आहे ते एवढ्यावरही सुटले नाही याचे. पुढे १९४७ आणि १९४८ मध्ये मोहन बागानने आयएफए शील्ड पटकावली. या क्लबचे कर्णधारपदही आओ यांच्याकडे आले.

लंडन ऑलिंपिकसाठी भारताने पाठवलेल्या फुटबॉल संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे सोपवण्यात आले. २९ जुलै १९४८ रोजी वेम्बली येथील उद्घाटन सोहळ्यात भारतीय पथकाचा तिरंगाही त्यांच्याच हाती होता. स्वतंत्र भारत प्रथमच ऑलिंपिकच्या संचलनात उतरला, तेव्हा ध्वज होता तो देशाच्या ईशान्य टोकावरील एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या हाती. नागा टेकड्यांचे राजकीय भवितव्य त्या दिवसांत किती अनिश्चित होते, हे लक्षात घेतले तर या निवडीचे वजन आज अधिकच जाणवते.

दोन दिवसांनी फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले. काहींच्या पायांना केवळ पट्ट्या बांधलेल्या होत्या. परदेशी वार्ताहरांना हा चमत्कार वाटला. त्यांच्या प्रश्नावर आओ यांनी फूटबॉल आणि बूटबॉल या शब्दांवर कोटी केल्याचे सांगितले जाते आणि ती कोटी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. दुर्दैवाने तिच्या हशात खेळ झाकला गेला. भारताचा संघ त्या दिवशी बरोबरीने खेळला. तिसाव्या मिनिटाला फ्रान्सने आघाडी घेतली. भारताला दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही वाया गेल्या. सत्तराव्या मिनिटाला रामन यांनी बरोबरी साधली. सामना अतिरिक्त वेळेकडे झुकत असताना एकोणनव्वदाव्या मिनिटाला फ्रान्सने दुसरा गोल केला आणि भारत १-२ असा हरला. स्पर्धा बाद पद्धतीची होती, त्यामुळे एका दुपारीच सगळे संपले.

अनवाणी खेळण्याचा अभिमान फार काळ टिकला नाही. १९५२ मध्ये हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १-१० असा पराभव झाल्यावर महासंघाने बूट सक्तीचे केले. आओ त्या संघात नव्हते.

लंडनमध्ये आर्सेनल क्लबने त्यांना करार देऊ केला होता, ही कथा नागालँडमध्ये आवडीने सांगितली जाते. कथा काहीही असो, त्यांच्यासमोरचा हिशेब सरळ होता. वय तीस, पदवी अपुरी आणि वडील जाऊन तेरा वर्षे लोटलेली. ते परतले. कारमायकेल महाविद्यालयाला त्याच वर्षी आर. जी. कर यांचे नाव मिळाले होते. १९५० मध्ये आओ एमबीबीएस झाले. आणखी काही काळ मैदानावर दिसून त्यांनी खेळ थांबवला तो त्याच दशकाच्या आरंभी. कोलकात्यासारख्या शहरात मोहन बागानच्या माजी कर्णधाराला नोकरी, मानमरातब आणि रुग्णांची वाण पडली नसती. त्यांनी नागा टेकड्यांची वाट धरली.

कोहिमाच्या शासकीय रुग्णालयात त्यांनी सहायक सिव्हिल सर्जन म्हणून काम केले. हा काळ कठीण होता. पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून टेकड्यांत सशस्त्र संघर्ष पेटला, गावे विस्थापित झाली, १९५८ मध्ये लष्कराला विशेषाधिकार देणारा कायदा आला. शासकीय डॉक्टरला अशा वेळी दोन्ही बाजूंच्या संशयातून वाट काढावी लागते. १ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड राज्य अस्तित्वात आले. नव्या राज्याची आरोग्ययंत्रणा जवळजवळ पायापासून उभी करायची होती. आओ राज्याच्या आरोग्य सेवेचे संचालक झाले आणि १९७८ मध्ये निवृत्त होईपर्यंत या कामात राहिले. मधल्या फळीतल्या खेळाडूप्रमाणेच हे कामही गोलफलकावर न दिसणारे.

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला, तोवर त्यांना मैदान सोडून जवळपास दशक लोटले होते. त्यांच्या पिढीतल्या अनेकांप्रमाणे राष्ट्रीय सन्मानांच्या यादीपासून ते दूर राहिले. १३ सप्टेंबर १९९८ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आसाममधील कलियाबोर येथील क्रीडासंकुलाला आज त्यांचे नाव आहे आणि ईशान्येकडील राज्यांच्या फुटबॉल संघांसाठी त्यांच्या नावाचा करंडक ठेवण्यात आला.