आकाशाचा हिशेब ठेवणारा खजांची

समजा, ऑक्टोबर संपत आलाय. भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीत भात कापणीला आलंय आणि तुम्ही तीन-चार जण खळ्यावर सतरंजी टाकून बसलायत. दक्षिणेकडे भिवंडी-कल्याणच्या दिव्यांचा धुरकट उजेड आहे, पण डोक्यावर बऱ्यापैकी तारे आहेत. तेवढ्यात फोनवर निरोप येतो. कालपर्यंत जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे एक तारा उजळलाय. बहुधा नवा सापडलेला ‘ड्वार्फ नोव्हा’, म्हणजे बटू नवतारा. कुणाला दिसतोय का ते बघा आणि कळवा.

अशा वेळी मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की आपण कोण? आपल्याकडे ना खगोलशास्त्राची पदवी, ना मोठी वेधशाळा. आपल्या नोंदीला विचारतो कोण?

हा प्रश्न पडला की राधागोविंद चंद्र यांना आठवा.

हे गृहस्थ बंगालचे. 1878 मध्ये जेसोरजवळच्या बागचर गावी जन्मले. हा भाग आज बांगलादेशात आहे. शाळेत असताना अक्षयकुमार दत्त यांचा विश्वाच्या अफाटपणावरचा एक धडा त्यांनी वाचला आणि आकाशाचं वेड लागलं, ते कायमचं. अभ्यासाचं मात्र जमेना. त्या काळची एन्ट्रन्स, म्हणजे आपली मॅट्रिकच म्हणा ना, त्यांनी तीनदा दिली. तिन्ही वेळा नापास! शेवटी शिक्षण सुटलं आणि जेसोरच्या कलेक्टर कचेरीतल्या सरकारी खजिन्यात ते नोकरीला लागले. दिवसभर पैशांचा हिशेब आणि रात्री आकाश, असा दिनक्रम सुरू झाला.

त्यांना तारे ओळखायला शिकवलं कुणी? कुठल्या प्राध्यापकाने नव्हे, तर एका वकिलाने. कालीनाथ मुखर्जी हे जेसोरचे वकील ताऱ्यांचे नकाशे तयार करत होते. राधागोविंद त्यांच्याबरोबर बसून एकेक तारकासमूह पाठ करू लागले. 1910 मध्ये हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा त्यांच्या हातात साधी द्विनेत्री होती. तेवढ्यावर त्यांनी धूमकेतूचा पाठपुरावा केला आणि त्यावर लिहिलंही. ते वाचून शांतिनिकेतनातले विज्ञानशिक्षक जगदानंद राय यांनी त्यांना दुर्बीण घ्यायचा सल्ला दिला. 1912 मध्ये इंग्लंडहून 3 इंची दुर्बीण आली. आज अनेक हौशी मुलांकडे असते, तेवढीच.

आणि मग उजाडली, खरं तर मावळली म्हणायला हवं, 7 जून 1918 ची संध्याकाळ. गरुड तारकासमूहात त्यांना एक अनोळखी तारा दिसला. नकाशात तो नव्हता. त्यांच्या पाठांतरातही नव्हता. तो होता नवतारा, विसाव्या शतकातला सर्वांत तेजस्वी. त्याच सुमारास इतर देशांतल्या लोकांनीही तो पाहिला होता, म्हणजे शोधाचा मान काही एकट्याचा नव्हे. पण राधागोविंदांनी आपली निरीक्षणं अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेला कळवली. तिकडून उत्तर आलं, पुस्तकं आली आणि रूपविकारी तारे पाहणाऱ्या हौशी मंडळींच्या संघटनेचं दार त्यांच्यासाठी उघडलं. ही अमेरिकन संघटना 1911 मध्ये सुरू झाली होती. परीक्षेचा निकाल तिथे कुणी विचारला नाही.

रूपविकारी म्हणजे ज्यांचं तेज कमी-जास्त होतं असे तारे. बटू नवतारे त्यातलेच. इथे खरी एक जोडी असते. एक असतो श्वेतबटू, म्हणजे विझत चाललेल्या ताऱ्याचा अतिघन गाभा. शेजारचा तारा त्याला अगदी खेटून असतो. शेजाऱ्याचा वायू ओढला जातो आणि श्वेतबटूभोवती तबकडीसारखा फिरत राहतो. साचत साचत त्याने मर्यादा गाठली, की तबकडी एकदम तापते आणि झळाळते. मोठ्या नवताऱ्याची जोडीही अशीच असते, पण तिथे साचलेल्या हायड्रोजनचा थेट अणुस्फोट होतो.

या कुळातला पहिला तारा जॉन हिंड यांना 1855 मध्ये मिथुन राशीत सापडला. हंस तारकासमूहातला ‘एसएस सिग्नी’ तर 1896 पासून माहीत आहे. सरासरी सात-आठ आठवड्यांनी तो 12व्या प्रतीवरून 8व्या प्रतीपर्यंत येतो, म्हणजे जवळपास 40 पट उजळतो. पण ‘सरासरी’ या शब्दावर जाऊ नका. नेमका कधी उजळेल, याचं वेळापत्रक नाही. मोठ्या दुर्बिणी रोज रात्री एकाच ताऱ्याकडे बघत बसू शकत नाहीत. म्हणूनच शंभराहून जास्त वर्षं त्याच्यावर पहारा ठेवलाय तो मुख्यतः हौशी लोकांनी.

पहाऱ्याची रीत साधी आहे. आपल्या ताऱ्यापेक्षा किंचित तेजस्वी आणि किंचित मंद असे ज्ञात प्रतीचे दोन शेजारी तारे नकाशात शोधायचे. आपला तारा त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते ठरवायचं. वेळ टिपायची, आकडा लिहायचा. तारा दिसलाच नाही, तर दिसलेल्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रत लिहायची. आपला तारा त्याहून मंद आहे, हीसुद्धा नोंदच. उजळण्याची सुरुवात कधी झाली, हे अशा ‘न दिसलेल्या’ रात्रींमुळेच कळतं.

यात कसोटी डोळ्यांची असते, पण त्याहून जास्त प्रामाणिकपणाची. काल 9.2 लिहिलं म्हणून आज 9.1 लिहायचं नाही. दिसलं तेच लिहायचं. तिजोरीत असायला हवे तेवढे नाहीत, तर आहेत तेवढेच पैसे वहीत लिहायची सवय असलेल्या खजांचीला हे जमलं, यात नवल नाही.

त्यांच्या नोंदींना आणखी एक मोल होतं. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा जेसोरला रात्र असते. तिकडचे निरीक्षक झोपायच्या तयारीला लागायचे, त्यानंतर काही तासांनी इकडे यांची पाळी सुरू व्हायची. भिवंडीच्या यंत्रमागावर एक पाळी सुटली की दुसरी लागते, तसंच हे. धागा तुटायचा नाही.

1926 मध्ये या संघटनेतल्या चार्ल्स एल्मर यांची सुमारे 6 इंची दुर्बीण त्यांना वापरायला मिळाली. अमेरिकेतली दुर्बीण जेसोरसारख्या गावातल्या एका खजांचीच्या घरी आली! 1928 मध्ये फ्रान्सनेही त्यांचा सन्मान केला. 1954 पर्यंत त्यांच्या नोंदी 37 हजारांच्या वर गेल्या. हिशेब करून बघा. पस्तीस वर्षं, पावसाळे धरून, रोजच्या जवळपास तीन नोंदी.

मध्ये फाळणी झाली. जेसोर पाकिस्तानात गेलं आणि राधागोविंद पश्चिम बंगालात आले. घर सुटलं, पण निरीक्षणं सुटली नाहीत. म्हातारपणी त्यांनी ती दुर्बीण सोडली, तेव्हाही ती अडगळीत पडली नाही. ती प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्याकडे गेली आणि पुढे तमिळनाडूतल्या कावळूर वेधशाळेत पोहोचली. 1975 मध्ये, वयाच्या 96व्या वर्षी राधागोविंद गेले.

त्यांच्या नावावर मोठा सिद्धान्त नाही. आहेत त्या नोंदी, आणि त्यातल्या बहुतेक रात्री काहीच विशेष घडलं नव्हतं. पण ताऱ्याच्या तेजाचा आलेख अशाच बिंदूंनी बनतो. एखाद्या रात्रीचा बिंदू राहिला, तर ती रात्र परत पाहता येत नाही.

तेव्हा दिघाशीच्या खळ्यावर तो निरोप आला, की आपण कोण हा विचार बाजूला ठेवा. नकाशा उघडा, टॉर्चला लाल जिलेटीन लावा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. दोन शेजारी तारे शोधा. तारा दिसला तर प्रत लिहा. नाही दिसला, तरी लिहा. शेजारच्याचा आकडा मात्र आधी विचारू नका.